नारिंगी जाकीट आणि निळं पडलेलं कापड

ठिपकीचा जुना लॅपटॉप शेवटच्या दिवसांत संगणकापेक्षा शेगडी म्हणून जास्त उपयोगी पडत होता. फोटो जोडायला लावले की तो आधी तापायचा, मग घरघरायचा आणि शेवटी काळा पडून शांत व्हायचा. थंडीत बाबा त्याच्यावर हात शेकत आणि "अजून चांगला आहे की," म्हणत. दादा त्याला आजोबा म्हणायचा आणि त्याच्या शेजारून जाताना आवाज खाली करायचा.

ठिपकीचं काम सांगायला सोपं होतं, फक्त ते सांगून कुणाला पटत नव्हतं. जुन्या कापडांचे फोटो काढायचे. एका कापडाचा एक फोटो नव्हे, तर तळहाताएवढ्या तुकड्यांचे शेकडो फोटो. मग ते संगणकावर असे जोडायचे की सांधा दिसता कामा नये, आणि मोठं करून पाहिलं तर एकेक धागा ओळखू यावा.

"म्हणजे अख्ख्या कापडाचे तुकडे करायचे आणि ते परत अख्खं करायचं," बाबांनी एकदा नीट विचार करून सारांश काढला. "पण मग ते आधी अख्खंच होतं की."

लहानपणापासून ठिपकी कुठल्याही चित्राला नाक टेकवून त्यातले ठिपके बघायची. म्हणून तर घरात तिला ठिपकी म्हणायला लागले, आणि खऱ्या नावाने हाक मारली तर आता ती मागे वळूनही बघत नसे.

या कामात एक दिवस वस्त्रसंग्रहालयाच्या बाईंचा फोन आला. संग्रहालयातल्या सगळ्या कापडांचं एक मोठं पुस्तक निघणार होतं. बाईंनी आधी एकाच कापडाचं चित्र करायला सांगितलं. एक जुनी घोंगडी, राखेच्या रंगाची, कडेला विटकरी पट्टा. छापील चित्र घोंगडीशेजारी ठेवून बघायचं. रंग जुळला तर अख्खं पुस्तक ठिपकीचं, नाही जुळला तर नमस्कार. ठिपकीला आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. तिला ते पुस्तक हवं होतं.

"आजोबांच्या जिवावर घोंगडी?" दादा म्हणाला. "घोंगडीचे काठसुद्धा व्हायचे नाहीत."

तेव्हा आत्या उठली. कपाटातून पिशवी काढली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "चला. यंत्र घ्यायला."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नोकरीत असेपर्यंत ती रस्ते विभागात होती. रस्ता खोदला जायचा तिथे हातात गोल फळी घेऊन उभं राहायचं. फळीच्या एका बाजूला लाल रंगात 'थांबा', दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगात 'जा'. तिच्या एका मनगटावर ट्रक थांबत, बस थांबत, एकदा तर मंत्र्याची गाडी थांबली होती आणि मंत्री काच खाली करून सॉरी म्हणाला होता. निवृत्त होताना विभागाने तिला ती फळी आणि तिचं झगमगतं नारिंगी जाकीट कायमचं देऊन टाकलं. इतरांना घड्याळ वगैरे देतात. आत्याने जाकीट अंगात घातलं आणि त्यानंतर ते फक्त धुण्यापुरतंच काढलं.

ठिपकीची आई लवकर गेली. तेव्हापासून या घराची सगळी वाहतूक आत्याच्याच हातात होती.

दुकानात दुकानदाराने आधी दादाला ओळखलं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून कोण फसेल ते ओळखलं. त्याने इंद्रधनुष्यासारखे दिवे फिरणारं कॅबिनेट पुढे केलं. दादाचे डोळे लकाकले.

"हे नको," ठिपकी म्हणाली. "रंगीत उजेड मला चालत नाही."

"उजेड सोडा, याचा वेग बघा ना."

"वेगाचं नंतर," आत्या मध्ये पडली. "चढावर दम टाकतो का?"

दुकानदार गोंधळला. "मॅडम, हा संगणक आहे."

"ते दिसतंय मला. भरपूर माल लादला आणि दिवसभर चढ चढवला, तर शेवटपर्यंत जातो, का मध्येच बाजूला लावून पाणी मारावं लागतं?"

ठिपकीने चमकून आत्याकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं ते नेमकं हेच होतं, फक्त शब्द इतके चांगले नव्हते. दुकानदाराने मुकाट्याने दिव्यांचं कॅबिनेट मागे नेलं आणि एक काळं, ठोकळ्यासारखं, दोन मोठे पंखे असलेलं आणलं. मग ठिपकीने एकेक ठरवलं. मेमरी भरपूर, कारण शेकडो फोटो एकाच वेळी उघडून बसावे लागतात. डिस्क चपळ आणि तिची दुसरी प्रत ठेवायला आणखी एक. ग्राफिक्स कार्ड मध्यम, कारण तिला खेळ खेळायचे नव्हते. हे ऐकून दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

खरी खडाजंगी मॉनिटरवर झाली. दुकानदाराने लावलेल्या मॉनिटरवर पोपट इतका हिरवा होता की बाबा त्याला हात लावायला गेले.

"अहाहा! हाच घे," बाबा म्हणाले.

"बाबा, पोपट असा नसतो."

"असायला हवा."

"सगळंच छान दिसतंय म्हणजे हा खोटं बोलतोय," आत्या म्हणाली. "खरं बोलणारा दाखवा."

खरं बोलणारा मॉनिटर कोपऱ्यात होता. त्याच्यावरचा पोपट थोडा दमलेला, घरी जायला निघाल्यासारखा दिसत होता. ठिपकीने त्याला नाक टेकवलं आणि ठिपके पाहिले. तिला तो पोपट एकदम पटला. आत्याने तो घेऊन दिला, संगणकासकट. घरी येताना ठिपकीने आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "खबरदार. आभार मानायला मी काय सभेची अध्यक्ष आहे?"

यानंतर ठिपकीने आपल्या खोलीचा बेरंग करायला घेतला. कामच तसं होतं. भिंत गुलाबी असली की तिचा उजेड मॉनिटरवर पडतो आणि डोळ्यांना चकवतो. म्हणून भिंती राखाडी झाल्या. हिरवे पडदे गेले, राखाडी आले. बल्ब पिवळा होता, पांढरा झाला. मॉनिटरच्या तिन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याचं छप्पर उभं राहिलं. ती स्वतः कामाला बसताना राखाडी सदरा घालू लागली. दादा दारातून डोकावून म्हणाला, "कैद्याला जेवण कधी आणू?" बाबांना मात्र खोली आवडली. ढगात बसल्यासारखं वाटतं, म्हणाले, आणि रोज दहा मिनिटं येऊन बसायला लागले.

हे आत्याला दिसलं. दुसऱ्या सकाळी तिने आपली खुर्ची आणून ठिपकीच्या पाठीमागे, बरोबर खिडकीजवळ, उन्हात गुडघे शेकतील अशी मांडली. अंगात जाकीट, हातात फळी.

"आत्या, हे काय?"

"तू मान खाली घालून काम करतेस. मान खाली घालून काम करणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी उभं असावं लागतं, नाहीतर मागून येऊन कुणीही उडवतं. मी बघितलंय."

आणि खरोखरच दार उघडलं की लाल बाजू वर यायची. बाबा थांबायचे. दादा थांबायचा. शेजारच्या काकू एक वाटी मागायला आल्या आणि उंबऱ्यावर थांबून, रांगेत लागल्यासारख्या, बाबांच्या मागे उभ्या राहिल्या. ठिपकीला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. संग्रहालयात जाऊन काढून आणलेले फोटो जोडले जात होते, पंखे एका सुरात चालत होते, काळा ठोकळा चढ चढत होता आणि एकदाही दम टाकत नव्हता. घोंगडी धाग्याधाग्याने मॉनिटरवर उगवली. मग ठिपकीने तिचा रंग लावला. तिच्या डोळ्यांना घोंगडीवर जराशी नारिंगी झाक दिसत होती. ती तिने काढून टाकली.

छापून आलं ते निळं.

बाईंनी फोनवर अगदी मऊ आवाजात सांगितलं, "घोंगडी थंडीने गारठल्यासारखी दिसते गं. पुन्हा बघ." ठिपकीने पुन्हा केलं. पुन्हा तिला नारिंगी दिसलं, पुन्हा तिने ते काढलं, आणि पुन्हा निळं छापून आलं. छपाईवाल्याशी भांडण झालं. "माझी शाई चोख आहे," तो म्हणाला, आणि पुराव्यादाखल त्याने आपला शाईने माखलेला हात दाखवला. मॉनिटरचे रंग तपासायचं यंत्र लावून पाहिलं. मॉनिटर बिचारा खरं बोलत होता. आकडे म्हणत होते रंग बरोबर आहे, डोळे म्हणत होते नारिंगी आहे, आणि ठिपकीने जन्मभर डोळ्यांवरच विश्वास ठेवला होता.

मग एका सकाळी आत्या दात दाखवायला गेली. खुर्ची रिकामी. ठिपकी कामाला बसली आणि बघते तर कालची घोंगडी मॉनिटरवर स्वच्छ निळी. कुणी काही केलेलं नव्हतं. ती तासभर त्या निळ्याकडे बघत बसली. मग आत्या आली, "दात शाबूत आहेत, डॉक्टर जरा हलताहेत," असं म्हणाली, खुर्चीत बसली, आणि घोंगडी बरी झाली.

ठिपकी हळूच म्हणाली, "आत्या, जरा उठतेस?"

आत्या उठून दाराशी गेली. घोंगडी आजारी पडली.

"आता बस."

घोंगडी बरी.

"परत उठ."

"हा व्यायाम आहे का?" आत्या उठता उठता म्हणाली. "डॉक्टरनेही सांगितलाय गुडघ्यांसाठी. पण तो दिवसातून एकदाच म्हणाला."

खिडकीतलं ऊन त्या झगमगत्या जाकिटावर पडायचं, आणि तिथून नारिंगी होऊन थेट मॉनिटरवर. छप्पर तीन बाजूंनी होतं, आणि आत्या चौथ्या बाजूला. ठिपकीने भिंत पाहिली होती, पडदा पाहिला होता, बल्ब पाहिला होता, स्वतःचा सदरासुद्धा. फक्त आत्या तिच्या ध्यानातच आली नव्हती. आत्या कायम पाठीमागेच असायची. पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हाही, पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली तेव्हाही. पाठीमागे असलेलं माणूस दिसत नाही, त्याच्या भरवशावर फक्त पुढे बघता येतं.

आता हे तिला सांगायचं कसं? संगणक जिने घेऊन दिला, तिलाच त्याच्यासमोरून ऊठ म्हणायचं? ठिपकीने आडवळणाने प्रयत्न केले. "आत्या, उकडत नाही का?" आत्याने खिडकी आणखी उघडली. उजेड वाढला. "आत्या, जाकीट धुवायला टाकू?" ते कालच धुतलं होतं आणि त्यामुळे जास्तच चमकत होतं. शेवटी ठिपकीने स्वतःच्या डोक्यावरून आणि मॉनिटरवरून मिळून एक काळी चादर ओढून घेतली, आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन बाहेर आली. दारात बाबा उभे होते.

"ताई," बाबा आत्याला कुजबुजत म्हणाले, "ही आपल्यावर रुसली आहे का?"

"गप रे बाळ. काम चालू आहे," साठी ओलांडलेल्या भावाला आत्या म्हणाली आणि लाल बाजू वर केली. पण चादरीकडे बघताना तिचा चेहरा जरा उतरलाच.

त्याच दुपारी बाईंचा फोन आला. "उद्या संध्याकाळी मी घोंगडी घेऊनच तुझ्याकडे येते. शेजारी ठेवून बघू. नाही जुळलं तर मला दुसरीकडे विचारावं लागेल. मनाला लावून घेऊ नकोस."

आता पर्यायच नव्हता. ठिपकीने खुर्ची वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती आत्याकडे तोंड करून बसली.

"आत्या, ते निळं… ते तुझ्या जाकिटामुळे होतंय. त्याचा रंग मॉनिटरवर पडतो. मला कळलं होतं, पण सांगवत नव्हतं."

आत्याने फळी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते जाकीट लांबून दिसावं म्हणूनच केलेलं असतं. दिसतंय म्हणजे चांगलंच आहे." आणि उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, आणि ठिपकीला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी खोली खरोखर राखाडी होती. रंग जिथल्या तिथे. ठिपकीने घोंगडीचं सगळं काम मुळापासून नव्याने घेतलं. रंग बदलला की तुकडे परत जोडायचे, आणि ते जोडायला काळ्या ठोकळ्यालाही दुपारपर्यंत वेळ लागणार होता. तिने तो कामाला लावला आणि श्वास रोखून बसली.

दार उघडलं. दादा. "एक मिनिट. माझा फोटो जरा बारीक करून दे, अर्जाला लावायचाय. म्हणजे मी बारीक नको, फोटो."

तो गेला तर काकू आल्या. गेल्या खेपेची वाटी परत करायची होती आणि त्याबद्दल थोडं बोलायचंही होतं. काकू गेल्या आणि बाबा इस्त्री घेऊन आले. संध्याकाळी पाहुण्या बाई येणार, म्हणून शर्ट. ढगात इस्त्री करायची त्यांची हौस. ठिपकीची मान खाली होती. बाबांनी भिंतीवर दोन प्लग पाहिले, त्यातला जो कमी महत्त्वाचा वाटला तो काढला.

पंखे थांबले. मॉनिटर काळा झाला. सकाळभर चढलेला चढ क्षणात खाली आला.

"हा कशाचा होता?" बाबांनी प्लग हातात धरून विचारलं.

ठिपकीला ओरडावंसं वाटलं, पण तोंडातून एवढंच आलं, "आत्या!" लहानपणी सायकलवरून पडल्यावर यायचं तसं.

आत्याच्या खोलीचं दार उघडलं. आत्या आली. अंगात जाकीटच होतं, पण उलटं घातलेलं. आतलं अस्तर बाहेर, नारिंगी आत. अस्तर राखाडी होतं, भिंतीपेक्षाही राखाडी. इतकी वर्षं ते तिच्या पाठीला लागून होतं आणि कुणी कधी पाहिलं नव्हतं. खिशांच्या शिवणी बाहेर आल्या होत्या, मानेवर धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी लोंबत होती. फळीवर तिने जुनी राखाडी उशीची खोळ चढवली होती आणि एका बाजूला पेन्सिलीने 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'जा' लिहिलं होतं.

"रात्रीच घालून बघितलं होतं," ती म्हणाली. "तू बोलावशील की नाही, तेवढंच माहीत नव्हतं."

मग ती बाबांकडे वळली. पेन्सिलीतलं 'थांबा' वर केलं. बाबा इस्त्रीसकट जागच्या जागी थिजले.

"प्लग लाव. मागे हो. दारातून बाहेर. शाब्बास बाळ."

खुर्ची खिडकीजवळ परत आली. ठिपकीने काम पुन्हा सुरू केलं. पाठीमागे वळून बघायची गरज नव्हती, तरी एकदा तिने बघितलं. आत्या बसली होती, ऊन तिच्यावर पडत होतं आणि तिथून पुढे कुठलाच रंग घेऊन येत नव्हतं. दुपारभर दादा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. काकूंनी यायच्या आधी राखाडी ओढणी घेतली, कारण दादाने त्यांना तसा नियम झाल्याचं सांगितलं. बाबा राखाडी शर्ट शोधत होते आणि तो मिळाला तेव्हा त्याला इस्त्री नव्हती.

काम पुरं झालं. घोंगडीवर नारिंगी झाक नव्हती, म्हणून ठिपकीला काही काढावं लागलं नाही. दादा चित्र छापायला धावत गेला आणि धावत आणलं.

संध्याकाळच्या उजेडात बाई आल्या. दारात त्यांना एका उलट्या जाकिटातल्या बाईने पेन्सिलीने लिहिलेली फळी दाखवून थांबवलं, नखशिखांत न्याहाळलं, त्यांची साडी पांढरी आहे याची खात्री केली आणि मगच आत सोडलं. संग्रहालयात आयुष्य गेलेल्या माणसाला कशाचं नवल वाटत नाही. बाईंनी पेटीतून घोंगडी काढली, टेबलावर पसरली आणि शेजारी छापील चित्र ठेवलं. चष्मा लावला. काढला. परत लावला.

मग त्या वाकल्या, आणि कोपऱ्यात घोंगडीला एक चुणी पडली होती ती हाताने सारखी करू लागल्या. एकदा, दोनदा. चुणी जाईना. ठिपकीने पाहिलं, बाई कागदावर हात फिरवत होत्या.

बाईंच्याही लक्षात आलं तेव्हा त्या हात तसाच ठेवून हसल्या. "पुस्तक तुझं," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, काय काय वापरतेस? आमच्याकडेही एक असंच यंत्र घ्यायचंय."

ठिपकीने सगळं सांगितलं. मेमरी किती, डिस्क कोणती, मॉनिटर कुठल्या कोपऱ्यातून निवडायचा, भिंतीचा राखाडी कोणता. बाई मन लावून ऐकत होत्या.

"आणि पाठीमागे एक आत्या लागते," ठिपकी म्हणाली. "ती मात्र दुकानात मिळत नाही. आमची कायम ड्यूटीवर असते, नाहीतर दिली असती."

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. मागून खुर्चीचा आवाज आला. आत्या उठली होती आणि खिडकीकडे तोंड करून, जरा जास्तच वेळ, नाक शिंकरत होती.

"धूळ आहे," ती म्हणाली. "त्या घोंगडीची."

"आत्या," ठिपकी म्हणाली, "आभार मानत नाहीये हां मी."

"मानून तर बघ."

आणि तिने उशीच्या खोळीतली फळी उलटी केली. पेन्सिलीतलं 'जा' बाबांना, दादाला, काकूंना एकदम दिसलं, आणि उंबऱ्याबाहेर तुंबलेली सगळी वाहतूक घोंगडी बघायला आत शिरली.